विहिरीपाशी वाकलेली रेघ

प्रिय आत्या,

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला मला आता आत बोलावतील, त्याआधी तुला हे लिहून टाकते. मी छातीठोकपणे लिहिलंय की तुमच्या-आमच्यामधली सरहद्द परक्या साहेबाने आखली, आपल्या माणसांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

पण गेल्या महिन्यात दप्तरखान्यात मोजणीची वही सापडली. साहेब तीन आठवडे तापाने तंबूत पडून होता. सरहद्दीचे दगड रोवले ते मोजणीची साखळी धरणाऱ्याने, म्हणजे तुझ्या वडिलांनी. सरळ चाललेली रेघ त्यांनी आपल्या विहिरीपाशी वाकवली. विहीर अलीकडे राहिली आणि तुझं सासर पलीकडे गेलं. खाली त्यांचीच सही आहे.

ते पान मी प्रबंधात घेतलं नाही. आणि बाहेरून आलेले परीक्षक नेमके तुमच्या बाजूचे निघाले. मघाशी चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "बाई, ती रेघ विहिरीपाशीच वाकडी का हो?"

मी म्हटलं, "साहेबाची लहर!" आणि बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

काल फोनवर तू बजावलंस, "त्या साहेबाला अजिबात सोडू नकोस."

नाही गं सोडलं त्याला. सोडलं ते आजोबांना.

तुझी भित्री भाची