एकोणिसावा व्हॉल्व्ह

ता. ४ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण एका जागी बसणं सध्या मला जमत नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. सूनबाई म्हणते, बाबांच्या पायाला भिंगरी लागली आहे. शिलाई मशीन तिचं आणि गरगर फिरतो मी.

इकडची बातमी तू पेपरात वाचली असशीलच. आमच्या नगरपालिकेचं दिवाळं वाजलं. दोन कारखाने गेले, त्यांच्यामागे माणसं गेली, त्यात आपले चिरंजीवही परगावी गेले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एका कागदाने निम्मी माणसं घरी बसवली. आम्ही पाणी सोडणारे तर सगळेच्या सगळे. एकतीस वर्षं या शहराला मी पाणी सोडलं. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता, किती आटे फिरवायचा, हे कुठल्या कागदावर नाही, माझ्या मनगटात आहे. मला शिपायाच्या हाती चिठ्ठी आली की चावी जमा करा. साहेब खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

आता पाणी येतं तेव्हा येतं. उरलेल्या कारकुनांना व्हॉल्व्हची झाकणं कुठे आहेत तेही माहीत नाही. काल मंडळी घरी आली. न्हावी, बेकरीवाला, टेकडीवरच्या सुईणबाई, आणि सगळ्यांच्या पुढे आपली सूनबाई! पालिकेला जमत नसेल तर आपणच करायचं, असं यांचं चाललंय. कचऱ्याच्या गाड्या पाळीपाळीने ओढतातच, वाचनालय पेन्शनरांनी उघडलंय, आता पाण्याचा नंबर. साहेबाने म्हणे दोन महिने दिलेत. जमलं तर ठीक, नाहीतर टेकडीचं पाणी कायमचं बंद, कारण तिथे पाणी चढवणं परवडत नाही.

मी फक्त दाखवून द्यायचं, बाकी ते शिकतील, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हणून सांगितलं. उद्या शिकले की मला कोण विचारतो? गरज सरो, वैद्य मरो. सूनबाईने चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

डोळ्याचं पुढे बघू. मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, त्याचा दाब कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


ता. ११ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसूही आलं आणि रागही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण तुला बघूनच कोणीतरी केली असणार. अपमान केला साहेबाने आणि तहानेने मरायचं टेकडीने? साहेबाच्या घरी तर टाकी असेल.

आणि खरं सांगू का, रुसून बसणं तुला झेपणारं काम नाही. लहानपणी आईवर रुसून जिन्यात बसायचास आणि दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचास, की मी रुसलोय हे लक्षात आलं ना. तू खिडकीशी जातोस तो रस्त्यावर कोणाचा पाइप फुटलाय का हे बघायला. नाही म्हण बरं!

शिकव त्यांना. मग निवांत मनाने इकडे ये. मोतीबिंदू पिकला आहे, डॉक्टरांनी फेब्रुवारीतली तारीख देऊ म्हणून सांगितलंय. एका डोळ्याने तू झाकणांवर धडपडतोस हे सूनबाईने मला कळवलं आहे. तिच्यावर चिडू नकोस. बाकी सर्व ठीक. माझ्या आगाऊपणासकट माझ्यावर लोभ असू दे.

तुझी,
धाकटी


ता. २ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हरलो. तीन आठवडे झाले, रोज पहाटे पाचला माझी शाळा भरते. न्हाव्याचा हात हलका, आटे मोजताना मात्र मध्येच कोणाची तरी बातमी सांगतो आणि आकडा चुकतो. बेकरीवाल्याच्या अंगात रेड्याचं बळ, त्याला हळू उघड हे शिकवण्यातच आठ दिवस गेले, कारण एकदम उघडलं तर पाणी आदळून जुना पाइप फाटतो. सुईणबाई मात्र अजब आहेत. पाइपाला तळवा लावतात आणि पाणी आलं का, हवा अडकली का, ते सांगतात. मला ते यायला पाच वर्षं लागली होती. कौतुक वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, पोटात दुखलंसुद्धा.

सूनबाईने कपडे बेततात त्या खाकी कागदावर अख्ख्या शहराचा नकाशा उतरवला आहे. प्रत्येक झाकणापासून जवळच्या भिंतीपर्यंत टेपने अंतर घेतलं. पालिकेच्या नकाशात नव्हतं इतकं नेमकं. अठरा व्हॉल्व्ह, अठरा गोल. लोक घरी येऊन तो बघून जातात. तीन आठवड्यांत एकाही गल्लीचं पाणी चुकलं नाही.

आता जे लिहितो ते वाचून पत्र फाडून टाक. व्हॉल्व्ह अठरा नाहीत, एकोणीस आहेत.

बंद पडलेल्या सिनेमाच्या तिकीट खिडकीसमोर फरशीखाली एक आहे. पालिकेच्या नकाशात तो नाही, कारण नकाशा आधीचा आणि व्हॉल्व्ह नंतरचा. ज्यांनी तो माझ्यासमोर बसवला ते इंजिनियर वारले. टेकडीला पाणी सोडण्याआधी या व्हॉल्व्हने बाजाराकडची लाइन अर्धी दाबावी लागते. नाहीतर सगळं पाणी उताराने खाली पळतं आणि टेकडीवरचे नळ नुसते फुसफुसतात. शाळा भरायच्या आधी मी एकटा जातो, तो दाबतो, सात वाजता जाऊन उघडतो. लोकांना वाटतं म्हातारा फिरायला जातो. सांगायचं रोज ठरवतो आणि रोज जीभ रेटत नाही. ते अठरा घेऊन गेले, एक तरी माझ्याकडे राहू दे, असं वाटतं. दुसरं काही कारण नाही.

तुला सांगितलं, बरं वाटलं. लोभ ठेव, निदान हे वाचल्यावरही ठेव.

तुझा,
दादा


ता. ८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

पत्र फाडलं नाही. तारीख मिळाली, अठराला ऑपरेशन, सोळाला निघ. पण निघण्याआधी सूनबाईला तो व्हॉल्व्ह दाखव. मी तुला कधी काही करायला लावलं नाही, हे मात्र लावते आहे. बाकी बोलणं समक्ष.

तुझी,
धाकटी


ता. २३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचं आत्यांच्या कार्डावरून समजलं, जीव भांड्यात पडला. पट्टी सुटेपर्यंत डोळ्याला हात लावू नका. आत्या हे वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनाही माझा नमस्कार.

तुम्हाला आत्ता त्रास द्यायचा नव्हता, पण दुसरं कोणाला विचारू? तुम्ही गेलात त्या दिवसापासून टेकडीवर पाणी चढत नाही. पहिल्या दिवशी करंगळीएवढी धार होती, आता तीही नाही. आम्ही अठराही व्हॉल्व्ह दोन दोनदा तपासले. आटे बरोबर, वेळ बरोबर. बेकरीवाले म्हणतात पाइप चोंदला असेल, न्हावीकाका म्हणतात पंपाचा दोष. मला वाटतं दोष माझा आहे. नकाशा उतरवताना माझाच कुठेतरी आकडा चुकला असणार. कालपासून टेप घेऊन परत सगळी अंतरं मोजते आहे. गिऱ्हाइकाचं कापड समोर आलं तरी कात्री चालवायची भीती वाटते, बाबा. माझ्या हातावरचा माझाच विश्वास उडाला आहे.

परवा टेकडीवर एक बाळंतपण होतं. सुईणबाईंनी खालून दोन कळशा वर नेल्या, दुसऱ्या खेपेला उतारावर घसरल्या. मनगटाचं हाड मोडलं. तशाच हाताने त्यांनी बाळंतपण केलं. आई आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत. पण टेकडीवरचे लोक भयंकर चिडले आहेत आणि त्यांचं चूक नाही. रविवारी सभा आहे. साहेब येणार आहेत. हौशी लोकांचं हे काम नव्हे, असं ते आत्ताच म्हणत फिरत आहेत. त्या दिवशी पाणी चढलं नाही तर टेकडीची लाइन कापायचा कागद ते बरोबरच आणतील.

काही आठवत असेल तर कळवा. नसेल तर काळजी करू नका, विश्रांती घ्या. लोभ आहेच, तसाच असू द्यावा.

आपली,
सूनबाई


ता. २५ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं आहे, शब्द दादाचे. त्याने सांगितलं आहे की एकही शब्द सौम्य करायचा नाही, म्हणून करत नाही.

तुझा नकाशा बिनचूक आहे. आकडा चुकलेला नाही, मी लपवलेला आहे. बंद सिनेमाच्या तिकीट खिडकीसमोरची तिसरी फरशी, कोपरा फुटलेली. पहारीने उचल. खाली व्हॉल्व्ह आहे. चावी खिडकीच्या आत, डाव्या हाताला. पावणेपाचला नऊ आटे दाबायचा, मग टेकडीचा उघडायचा. सात वाजता हा परत नऊ आटे मोकळा. दहा दिवस थोडी धार तरी चढत राहील, अशी मी स्वतःची समजूत घालून आलो. मनातून मला हेही हवं होतं, की पाणी अडावं आणि तुम्ही मला बोलवावं. आता बोलावणं आलं आहे आणि मला तोंड दाखवायला जागा नाही. सुईणबाईंचा हात मी मोडला.

इथपर्यंत दादा. तुझं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा, कात्रीच्या ओळीशी, त्याने मला थांबायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पट्टीच्या डोळ्याने रडायचं नसतं, असं मी सांगितलं, त्याने ऐकलं नाही. मलाही हे आधी ठाऊक होतं, सूनबाई. स्टेशनवर उतरल्या उतरल्या मी विचारलं, सांगून आलास का? तो हो म्हणाला. मी मान्य केलं, कारण मान्य करणं सोपं होतं. पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते, म्हणजे उद्या सकाळी मिळेल.

तुझी,
आत्या


ता. २८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वेळेवर मिळालं. फरशी उचलली, नऊ आटे दाबले, टेकडीवर पाणी चढलं. रविवारी सभेच्या वेळी वरच्या गल्लीत नळ वाहत होते, त्यामुळे साहेबांचा कागद खिशातच राहिला. लाइन कापली जाणार नाही.

हा व्हॉल्व्ह आधी का सापडला नाही, असं सभेत विचारलं गेलं. मी सांगितलं की बाबांनी दाखवला होता, नकाशात घ्यायला मी विसरले. टेकडीवरच्या बायकांनी मला नको नको ते ऐकवलं, मी ऐकून घेतलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर न्यावीशी वाटली नाही. मी रागावलेले नाही असं लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. पण तुम्ही घरी या. पथ्य सांभाळा. राग आणि लोभ दोन्ही आहेत.

आपली,
सूनबाई


ता. ९ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. डोळा स्वच्छ झाला आहे, आता घरातली धूळसुद्धा दिसते. मेहुण्यांनी प्रवासात फार सांभाळलं.

मी निघताना तू म्हणाली होतीस, की सूनबाईने झाकलं आहे तर झाकलेलं राहू दे. नाही राहू दिलं. काल वाचनालयात सगळी जमली होती, पुढच्या महिन्याच्या पाळ्या लावायला. मी उभा राहिलो आणि होतं तसं सांगितलं. सूनबाई विसरली नव्हती, मी लपवलं होतं, हे दोनदा सांगितलं, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं. मला वाटलं होतं शिव्या पडतील. पडल्या असत्या तर बरं झालं असतं. न्हावी, जो कधी गप्प बसत नाही, तो आपल्या चपलांकडे बघत होता.

मग सुईणबाई उठल्या. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला एवढंच विचारलं, की नऊ आटे पूर्ण की थोडे कमी? मी म्हणालो, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दहा. त्यांनी सूनबाईला ते लिहून घ्यायला सांगितलं. सूनबाईने खाकी कागद टेबलावर पसरला, सिनेमासमोर एक गोल काढला आणि आत एकोणीस लिहिलं. झालं. एवढीच शिक्षा. घरी आल्यावर मात्र तिने मला शेजारी बसवून घेतलं आणि खूप रडली, आणि मग चहा केला. कप हळू ठेवला.

पाळ्याही लागल्या. मी हात वर केला तेव्हा मला वाटलं, एक तर सगळे दिवस देतील नाहीतर एकही नाही. सगळ्यांना एकेक वार दिला, तसा मलाही दिला. माझा गुरुवार.

आज शुक्रवार. पहाटे साडेचारला जाग आली, कपडे करून खुर्चीत बसलो, कारण जायचं कुठे नव्हतं. पाच चाळीसला नळाला पाणी आलं. एक मिनिट पुढे नाही, एक मिनिट मागे नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी घरात बसलो होतो आणि पाणी वेळेवर आलं. उठून बादली लावली. बरं वाटलं की वाईट, ते अजून नक्की सांगता येत नाही, पण चार वेळा उठून नळ बघून आलो.

तुझा माझ्यावरचा लोभ मी थोडा जास्तच वापरला आहे, तरी उरला असेल तेवढा ठेव. आणि आठवड्याचे बाकीचे सहा दिवस माणसाने काय करायचं असतं, हे तुला माहीत असेल तर उलट टपाली कळव.

तुझा,
दादा