ठशातली चार नखं

दाभोसा, मंगळवार, मे महिना

नदीकाठचा बांबूचा आडोसा, पाखरांसाठी दगडात कोरलेली पाण्याची कुंडी, आणि दोऱ्याने शिवलेली ही वही. तिन्ही माझ्या हातची. शाळा सातवीपर्यंतच, पण अकरा वर्षं रोज जे दिसलं तेवढंच इथे लिहिलं. आज खंड्या दोन, मुंगूस एक.

संध्याकाळी रिसॉर्टवाला शेठ डोहावर आला. ओल्या वाळूतला ठसा दाखवून म्हणाला, "काका, बिबट्या! वहीत लिहा. पाहुण्यांना फोटो पाठवतो."

"शेठ, चार नखं उमटलीत. बिबट्या चालताना नखं आत ठेवतो. हा तुमचाच मोत्या."

"नखं कोण मोजतंय, काका?"

माझ्याहून मोठा, आणि मला काका म्हणतो! "मी मोजतो! चार, स्पष्ट!" मी ओरडलोच. त्याच्याकडे टँकर येतो. पण गाव या वहीवर विश्वास ठेवतं; तीत बिबट्या आला तर आमच्या बाया उद्या या डोहावर पाण्याला कशा येतील?

उगाच ओरडलो का? नाही. कमीच ओरडलो. त्याच्यासमोरच लिहिलं: कुत्रा, एक.

तरी जाताना कानाशी येऊन बोललाच. फक्त एक ओळ, त्याचे पाच हजार रुपये. नको म्हटलं.