शिक्का नसलेलं पत्र

१२ सप्टें., शुक्र. नांदेड
अण्णांनी डबा दिला एकदाचा. सख्ख्या पुतणीकडून पण पावती घेतात की काय वाटलं. रिटायर झाले तरी हेडमास्तरकी गेली न्हाई.
बिस्किटाचा जुना डबा. आत थोरल्या आजोबांची, म्हणजे आजोबांच्या भावाची, तीन पत्रं. दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेले, परत आले न्हाईत, एवढीच आली. निजामाच्या शाळेतली उर्दू, घरात आता कुणाला वाचता येत न्हाई. म्हणून पुजतात. खंडेनवमीला विळा, कोयता आणि हा डबा. वरच्या पत्रावर दरसाल ओल्या कुंकवाचं बोट. खालची शाई पार लाल चिखल.
इथल्या अभिलेखागाराला सैनिकांची पत्रं पाहिजेत. जपणार, प्रदर्शन लावणार. फॉर्मवर घरातल्या वडीलधाऱ्याची सही, म्हणजे अण्णांची.
मला खरं तर आधी कादंबरीसाठी पाहिजेत. वाक्यं कापून, उलटीपालटी चिकटवून...

१४ सप्टें., रवि.
रफिकचाचांकडं गेले. उर्दू शाळेत मास्तर होते, हातात भिंग. पहिली दोन पत्रं, फौजी डाकेची, तपासणीचा गोल शिक्का मारलेली. चाचा कंटाळले. "बेटा, इसमें तो कुछ नईं. खैरियत, खैरियत, भैंस कैसी है, खैरियत."
तिसरं, कुंकवाचं, खिडकीसमोर धरलं. शिक्का न्हाई. चाचांनी भिंग जवळ घेतलं. मग, "ये डाक से नईं आया. किसी के हाथ भेजे."
सांगत गेले तसं मराठीत लिहून घेतलं:
"ती पत्रं साहेब वाचतो म्हणून तशी लिहिली. हे सुटीवर निघालेल्या उस्मानच्या कोटाच्या अस्तरात शिवून पाठवतोय. किसनला भरतीला सोडू नका. हट्ट करील, कोठीच्या खोलीत कोंडा. कुणासाठी मरून राहिलो, इथं कुणी सांगत न्हाई. मला भीती वाटते, हे त्याला सांगा..."
पुढं कुंकू. चार ओळी गेल्या.
किसन म्हणजे माझे आजोबा. अण्णांचे वडील, आबा.


१७ सप्टें., बुध. लातूर
मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. अण्णांचं ठरलेलं भाषण. "माझ्या चुलत्यानं रणात देह ठेवला! माझ्या वडिलांना पण जायचं होतं, वय बसलं न्हाई!" टाळ्या.
घरी आल्यावर तिसरं वाचून दाखवलं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.
"शिक्का कुठाय?"
"न्हाई."
"मग खरं कशावरून?"
"शिक्का न्हाई म्हणूनच खरं हाय, अण्णा."
"तुला लई अक्कल. दोन दे त्यांना. तिसरं पूजेला राहू दे."
"तिन्ही. न्हाईतर एकबी न्हाई."
"अगं, वडिलांना कोंडलं होतं म्हणून सांगू का गावाला? इतकी वर्षं काय बोलून राहिलो मी?"
काकू आतून, "आधी जेवा, मग भांडा. ती लढाई संपून लई वर्षं झाली."

२२ सप्टें., सोम. नांदेड
अभिलेखागारातून फोन. तिसऱ्याचं सांगितलं. "मॅडम, दोन चालतील. शिक्केवाली काचेत बरी दिसतात." म्हटलं, बरी दिसायला न्हाई लिहिली त्यांनी. ५ तारखेपर्यंत फॉर्म द्या म्हणाले.
कादंबरीसाठी कापलेले नकलांचे कागद फेकले. दुसऱ्याचं वाक्य सोयीनं तोडायचं, मी तरी दुसरं काय करत होते?
त्याला भीती वाटली. त्यानं ती लिहून, शिवून घरी पाठवली. यापेक्षा शूर काय असतं? आणि आम्ही वर कुंकू लावत बसलो.

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. डबा घेऊन सकाळी लातूर. पाटावर विळा, कोयता, अण्णांचा लॅपटॉप, डबा. अण्णांनी कुंकवात पाणी घातलं, झाकण काढलं, बोट पुढं केलं.
मी पत्रावर पालथी मूठ ठेवली.
"हात काढ."
"न्हाई काढत."
"पूजा मोडती, मीने."
"मोडू द्या. चार ओळी खाल्ल्या हिनं. राहिलेल्या न्हाई देणार."
काकूची घंटा थांबली. अण्णांनी बोट मागं न्हाई घेतलं. टेकवलं, माझ्या मुठीवर.
मग अण्णा हळू आवाजात, "कोठीच्या खोलीत कोंडा, असं लिहिलंय?"
"हाव."
"आबा कधी त्या खोलीत पाय ठेवत नव्हते. घरात असले तरी ज्वारी आम्हा पोरांनाच काढाया लावायचे. मला वाटायचं, आळस."
अण्णांनी बोट उचललं. कुंकू डब्याच्या झाकणाला लावलं. जेवण झाल्यावर फॉर्म मागितला. चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. सही केली न्हाई. परत पण दिला न्हाई.
आता बसमध्ये. अहमदपूर गेलं. तिन्ही पत्रं मांडीवर, अण्णांनी मागितली न्हाईत. मुठीवरचं कुंकू वाळून तडकलंय, पुसलं न्हाई.