बाजारातल्या बंगालीत

बेहाला, कलकत्ता
३ फेब्रुवारी १९७४

चि. श्रीकांत यास अक्काचे आशीर्वाद.

नाही, मी नागपूरला तुझ्याकडे राहायला येणार नाही. तू विचारलं नाहीस, पण विचारशील. माझ्या प्रमोदनं कळवलंच असेल की आई पाय घासत चालते. घासत नाही रे, पाय जमिनीला चिकटतात. परवा ट्रामच्या पायरीपुढं उभी राहिले ती राहिलेच. मागची माणसं ओरडायला लागली. आणि थोडं विसरते. भाताला दोनदा मीठ पडलं, तर काय मोठंसं!

प्रमोदनं इस्पितळात नेलं. डॉक्टर तालुकदार बंगालीत विचारणार, हा मला मराठीत सांगणार, माझं उत्तर परत बंगालीत करणार. तीन गोष्टी विचारल्या. चालणं सांगितलं, विसरणं सांगितलं. तिसरीला नाही म्हटलं. मग म्हणाले, वय झालं, ताकदीच्या गोळ्या घ्या. संपलं. उगाच गाजावाजा नको. लोभ आहेच, तो लिहून वाढत नाही.

अक्का


१७ फेब्रुवारी

ती. मामांस शैलाचा शि. सा. न. वि. वि.

आईंना न सांगता लिहिते आहे. डॉक्टरांनी तिसरं विचारलं होतं ते अंथरुणात लघवी होते का हे. आई नाही म्हणाल्या. पण रोज पहाटे स्वतःच चादर धुतात आणि ह्या पायांनी जिना चढून गच्चीवर टाकतात. मला हात लावू देत नाहीत. डॉक्टर ह्यांना म्हणाले होते, तिन्ही असती तर डोक्यात पाणी साठल्याचा संशय घेता आला असता, त्यावर इलाजही आहे. मीही बरोबर होते, पण तिथं तोंड उघडलं असतं तर आई पुन्हा इस्पितळाची पायरी चढल्या नसत्या. मामा, तुमचंच त्या ऐकतील. आमच्यावर माया असू द्यावी.

आपली,
शैला


२४ मार्च

चि. श्रीकांत, आशीर्वाद घे आणि गप्प वाच.

तुझी चार पानं पोचली. चुगली कुणाची ते कळलं. शैलाला बोलले नाही. चादर आता तीच धुते.

सोमवारी परत गेले. प्रमोदला बाहेर बसवलं. पोटच्या लेकापुढं मराठीत ते तोंडातून निघालं नसतं, मेले तरी नाही. मग ज्या बंगालीत तीस वर्षं वांग्यांचा भाव केला, त्याच बंगालीत डॉक्टरांना सांगून टाकलं. त्या भाषेत मला लाजायला कुणी शिकवलंच नाही. डॉक्टर हसले नाहीत. माशीमा, म्हणजे मावशी, हे आधी का नाही सांगितलंत, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालवलं. वीस पावलांना शैलाच्या घड्याळात पाऊण मिनिट. मग कण्यात सुई घालून थोडं पाणी काढलं. सकाळी तीच वीस पावलं निम्म्या वेळात. पाय सुटले, श्रीकांत! चार दिवसांनी परत चिकटले, पण कुठं अडतंय ते तर कळलं.

डोक्यातून पोटात नळी घालतात म्हणे. मी विचारलं, न कापता काही आहे का? पाणी कमी करायच्या गोळ्या आहेत, पण गुण येईलच असं नाही, असं तोंडावर सांगितलं. मला असाच माणूस पटतो. सहा आठवडे घेणार. बोटांना मुंग्या येतात, येऊ देत. गुण नाही आला तर डोकं भादरून नळी घालून घेणार. खाटेवर पडून राहणार नाही, हे तुझ्या मनात पक्कं असू दे.

डॉक्टरांना बंगालीत नेमकं काय म्हणालीस, असं प्रमोद रोज विचारतो. त्याला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नाही.

अक्का