मानाच्या जागेवरची पोती

येसबोल, तू माझा पाठचा भाऊ की सात जन्मांचा वैरी? साक्सौलच्या झाडाचं बी उबेत मरतं, हे मला एका परक्या पोरीने का सांगावं? तू त्या नदीकाठच्या जंगलात इतकी वर्षं झाडं लावतोस ना? बियांची पोती माझ्या दारात उतरवलीस, चहा उभ्याउभ्याच प्यालास, आणि जाताना म्हणालास, ताई, जिवापाड जप. जपलं. आता भोगते आहे.

असो. तब्येत कशी आहे? खोकला गेला का? नसेल तर उंटिणीचं दूध पी आणि बायकोचं ऐक, माझं ऐकायची सवय तुला नाहीच. पोरांना आशीर्वाद. झालं विचारून.

इकडचं तुला ठाऊक आहे तरी पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्या डोक्यात राहील. कंपनीने गॅसच्या नळासाठी गाव आणि वसंतातलं कुरण यांच्या मधोमध चर खणला, नळ पुरला, वर माती लोटली आणि दोन्ही अंगांनी तार ठोकली. पट्टा हिरवा झाल्याशिवाय तार निघणार नाही म्हणतात. गेल्या साली त्यांनीच कसलंसं गवत पेरलं (पावसाळी मुलखातलं असावं, बोटभर वर आलं, इकडेतिकडे पाहिलं आणि वाळलं). मग आम्ही मेंढ्या खाऱ्या चिखलातल्या लांबच्या वाटेने नेल्या आणि गाभण मेंढ्यांनी वाटेतच कोकरं टाकली. एक घर सुटलं नाही. म्हणून सभेत मी उठले आणि साहेबाला म्हटलं, गवत कसलं पेरता, साक्सौल पेरा, आपल्या रेताडात तगणारं झाड, बी माझा भाऊ देईल, बर्फावर फेकायला आम्ही बायका आहोत, बर्फ वितळेल तसं बी मातीत बसेल. साहेब लगेच हो म्हणाला. (आमचे हे म्हणतात, तू बोलायला लागलीस की माणूस कशालाही हो म्हणतो, फक्त तू खाली बसावंस म्हणून.)

तर पोती. भावाने दिलेली वस्तू, अख्ख्या गावाची आशा तिच्यावर. ती कुठे ठेवायची? दारासमोरच्या भिंतीशी, रजयांच्या चळतीला लागून, शेगडीजवळ, मानाच्या जागी ठेवली. वर माझा चांगला गालिचा घातला. रात्री गारठा वाढला की उठून शेगडीत दोन लाकडं जास्त घालत होते, बाळंतिणीला करतात तसं. त्यातच आमच्या लेकाची, दौरेनची सासू आली न कळवता. आता पोती हलवायला चार माणसं लागतात आणि घरात होतो आम्ही दोघं, त्यात यांची कंबर धरलेली. बसवलं विहीणबाईंना पोत्यांच्या खालच्या अंगाला, दाराकडे. त्या इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "तुमच्याकडे पोत्याला विहिणीपेक्षा मान जास्त दिसतो." माझ्या तोंडून गेलं, "पोतं निदान गप्प बसतं, विहीणबाई." मानाचं म्हणून मेंढीचं डोकं शिजवून पुढे ठेवलं, त्याला हातसुद्धा लावला नाही. तेव्हापासून त्यांचा निरोप नाही.

गेल्या आठवड्यात कंपनीची ती चष्मेवाली झानेल आली. चिमूटभर बी बशीत ओल्या कापसावर टाकलं आणि म्हणाली, "मावशी, जिवंत बी उद्यापर्यंत आळस देऊन लांब होतं." दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बियांतली सगळी वेटोळी तशीच झोपलेली. एक तेवढं उलगडलं होतं, तेही नाइलाजाने. "ठेवलं कुठे होतं?" मी दाखवलं. तिने शेगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागितला. (पोरगी भली आहे.) मग हळूच म्हणाली, "बर्फ आहे तोवर ताजं बी मिळालं तर अजून होईल."

येसबोल, वारा दक्षिणेकडून सुटलाय. छपरावरून पाणी ठिबकतंय. मी सकाळ-संध्याकाळ गोठ्यामागे जाऊन बर्फात बोट घालून बघते, रोज कमी. बायकांनी पेरायला झोळ्या शिवल्यात आणि विचारतात, "कुल्याशताई, कधी?" पेरणी बुधवारीच, शुभ दिवशी करायची; मागचा बुधवार दाढ दुखते सांगून ढकलला. दाढ एकदाच दुखते.

तुझी बहीण,
कुल्याश

ता. क. हे शेजारी बसून म्हणतायत, तू जाताना "गोठ्यात ठेव, थंडीत" असंही म्हणाला होतास. म्हणाला असशील. ऐकलंही असेल मी. पण भावाने हाताने वेचलेलं बी शेळ्यांच्या लेंड्यांत टाकायचं? लोकांनी काय म्हटलं असतं? जरा दटावून सांगायला हवं होतंस.

दुसरा ता. क. तुझा फोन त्या जंगलात लागत नाही, म्हणून चिठ्ठी टँकरवाल्या तोख्तारच्या हाती देते. त्याच्याजवळ अवाक्षर काढू नकोस. गावाला वाटतंय की पहिली पोती पुरणार नाहीत म्हणून तू आपणहून आणखी आणतोयस. मीच सांगितलंय. तुझ्या पाहुणचाराला मेंढाही बांधून ठेवलाय. टँकर मंगळवारी संध्याकाळी परततो. त्यावर पोती घाल, तू बस, नाहीतर निदान बी आहे की नाही एवढं एका शब्दात कळव. पण मंगळवारी. बुधवारी उजाडताच झोळ्या बांधून बायका माझ्या दारात उभ्या असतील.