साडीऐवजी हिमाचल

९ जून, रेल्वेत.
दादाने तिकीट काढलं, हॉटेल ठरवलं, वर खिडकीही मला दिली. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. आमच्याकडे बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायचं असलं की भाऊ साडी नेसवतो. मला हिमाचल नेसवतोय. आबा जाऊन आठ महिने झाले, माळशिरसची सहा एकर दोघांत आहे. विषय अजून काढलेला नाही. काढेल. शाळेत शिकवते मी, एवढं कळतं.

११ जून, मनालीच्या पुढे.
गाडीत आठ तास. रस्ता कसला, नुसते दगड. बर्फाचे डोंगर सुंदर आहेत, मान्य. पण वहिनी दर वळणाला, "वन्सं, बघा की! तुमच्या दादांनी दाखवलं, इसरू नका." मला ओकारी. मग तिनेच कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. चटणी झकास करते बया, त्याचाही राग आला.

१२ जून, शेवटचं गाव.
इथून पुढे पायवाट. जिथे उतरलोय त्या घराची मालकीण म्हणाली, आज आराम करा, हवा विरळ आहे. दादा म्हणे, "आमी सोलापूरच्या उन्हात ढेकळं फोडल्याली माणसं. ह्या गारव्याला भ्यायचं व्हय?"
जेवताना दादाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून हक्कसोडीचा कागद निघाला. "आता सही कर. गावी परतलो की सोमवारी रजिस्ट्रारच्या हापिसात फोटो अन् अंगठा, झालं. तुला नोकरी हाय, पेन्शन हाय. शेत कशाला गं?"
"नाही केली तर?"
आमटी वाढून घेतली त्याने. "मग दिवाळीला कुटं जातीस ते बघ."
नवरा गेला, मूल नाही. माहेर तेवढं उरलंय. हे त्याला पक्कं ठाऊक. नीच.
सही केली नाही. झोपते म्हटलं.

१३ जून.
वरच्या कुरणाकडे निघालो. पिवळी फुलं, खाली नदी, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता. अर्ध्या वाटेत दादा मटकन बसला. ओठ निळे. वहिनी रडायला लागली. त्याची सॅक मी घेतली, काखेत धरून उतरवला. तीन तास. भुरभुर पावसात एका घसरड्या उताराला धापा टाकत विचारतो काय, "सुमे... सॅकमदला कागद भिजला न्हाय न्हवं?"
हात सोडून द्यावासा वाटला. खरंच वाटला.

१४ जून, आरोग्य केंद्र.
काल गाडीने खाली आणलं. ऑक्सिजनवर आहे, तोंडावर रंग आलाय. वहिनीने माझे पाय धरले. "वन्सं, तुमी व्हता म्हणून..." डोळे पुसून लगेच, "पर सोमवारचं तेवढं..."
आत गेले. दादाने मास्क बाजूला केला. "येतीस न्हवं सोमवारी?"
म्हटलं, "सही करणार नाही. आणि दिवाळीलाही येणार."
 त्याने मास्क परत नाकावर ओढला.