दिवट्याला माफ करावं का

४ फेब्रुवारी

आला एकदाचा पाचवा खंड! विटेएवढा जाड. आमच्या केंद्राच्या मॅडमनी माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाल्या, "घ्या. आता तुमच्या दिवट्याचं काय ते होऊन जाऊ दे."

माझा दिवट्या! जसं काही मीच त्याला इतके दिवस पाठीशी घातलंय. मी फक्त वाचते. काचेच्या खोलीत बसून, मोठ्याने, ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आधीचे चार खंड असेच वाचून काढलेत. जादूचे गड, बोलणारी धुकी, राजवंशांच्या भानगडी — मला काही पडलेलं नव्हतं. पण श्रोत्यांनी डोक्यावर घेतली ही कादंबरी. आणि त्यातही हा दिवट्या! पहिल्या खंडात मशाल धरून शत्रूला चोरवाटेने गडावर आणणारा तोच. गड जळाला, मीठ विकणाऱ्या पोरीची आई त्यात गेली. आणि तिसऱ्या खंडात पुरात उडी मारून लेकरं काढणाराही तोच. चांगला की वाईट, लेखकाने चार खंड कुणाला थांग लागू दिला नाही.

बाबांना सांगितलं खंड आला म्हणून. चहाचा कप तसाच हातात धरून त्यांनी रोजचाच प्रश्न विचारला, "ती पोरगी माफ करेल का गं त्याला?"

आमच्या घरचा नियम आहे, पुढचं सांगायचं नाही. बाबाही इतरांसारखेच प्रकरण बाहेर पडल्यावर ऐकतात. "मलाही माहीत नाही," म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

७ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण गेलं आणि सकाळपासून अभिप्रायाचा फोन बोंबलतोय. कुणाला भाषेबद्दल बोलायचं नाही, वर्णनांबद्दल नाही. सगळ्यांना एकच — दिवट्याचं काय होणार?

वकील आजोबा (रिटायर झाले तरी उलटतपासणी सुटत नाही): "गुन्हा शाबीत आहे. नंतर केलेली चांगली कामं शिक्षा कमी करतील, गुन्हा पुसणार नाहीत. लेखकाला कळवा." जसा काही लेखक माझ्या शेजारी राहतो!

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई रडायलाच लागल्या. "त्याला सोडू नका हो एकटं. माणूस बदलला हे कुणीतरी बघायला नको का?"

आणि ती कॉलेजातली पोरगी, जिभेला हाड नसलेली: "त्याला हुतात्मा करून मारतील बघा शेवटी. म्हणजे सगळे सुटले! मेलेल्याला माफ करणं फुकट असतं. जगू दे त्याला, आणि रोज तिच्यासमोर उभं राहू दे."

तिचं म्हणणं दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

८ फेब्रुवारी

दादाचा मेसेज. "बाबांना एकदा भेटायचंय. तू हो म्हणालीस तरच येईन."

उत्तर दिलं नाही.

९ फेब्रुवारी

झोप नीट नाही. लिहून टाकते म्हणजे डोकं हलकं होईल.

बाबा रंगाच्या कारखान्यात पाळीप्रमुख होते, दादा त्यांच्याच हाताखाली. पाळी संपताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, हे काम बाबा ज्याला सांगतील त्याचं. त्या दिवशी तो बंद झाला नाही. बाबा खालून नळी सोडवायला गेले आणि रसायन सगळं चेहऱ्यावर. बाबा चौकशीत म्हणाले, "मी पोराला सांगितलं होतं, तो 'केला' म्हणाला." दादा म्हणाला, "मला कुणी काही सांगितलंच नाही."

डोळ्यांना पट्ट्या बांधलेला बाप समोर बसलाय आणि मुलगा त्याच्या तोंडावर म्हणतोय, मला सांगितलंच नाही! बाबांचे डोळे गेले, नोकरी गेली, आणि वर लोक म्हणायला मोकळे की म्हातारा विसरला असेल. घरी आल्यावर मी दादाची बॅग दाराबाहेर ठेवली. तो वाद घालायलाही थांबला नाही. खरा असता तर भांडला असता ना?

अकरा वर्षं झाली. बाबांनी त्याचं नाव काढलं नाही असं नाही, पण त्याला बोलव असंही कधी म्हणाले नाहीत. मागे एकदा मी विचारलं तर म्हणाले, "तू म्हणशील तसं." त्यामुळे दार माझ्या ताब्यात. आणि मी ते उघडणार नाही. त्यांच्या वाटचं रागावणं कुणीतरी करायला नको का? त्यांना तर रागावताच येत नाही!

१२ फेब्रुवारी

आज कानसेनने भलतंच सांगितलं. (कानसेन म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक. पान उलटल्याचा आवाजही त्याला खपत नाही.) चहा पिता पिता म्हणाला, "तुम्ही दिवट्याला फार मऊ वाचता."

"मी सगळ्यांना सारखंच वाचते," मी म्हटलं. केंद्राचा नियमच आहे. वाचायचं, नटायचं नाही. श्रोत्याने ठरवायचं कोण कसा ते.

"नाही," तो म्हणाला, "राणीला सरळ वाचता, पोरीला सरळ वाचता. दिवट्या आला की वाक्याचं शेपूट गिळता. अपराधी माणूस बोलतो ना, तसं. मी छापील पुस्तक वाचणाऱ्या मित्राला विचारलं. त्यांच्यात सगळे दिवट्याचा द्वेष करतात! आपल्याच श्रोत्यांना त्याचा पुळका आहे."

मी हसण्यावारी नेलं. मग हेडफोन लावून पहिल्या खंडाचं एक प्रकरण ऐकलं. मागे नेऊन परत ऐकलं. वाक्याचा शेवट गिळणारा माणूस मला चांगला माहीत आहे. लहानपणी माझी सायकल मोडून आला होता तेव्हा असाच बोलला होता. दादा!

म्हणजे ज्याला घरात पाय ठेवू दिला नाही, त्याला मी चार खंड लोकांच्या घराघरांत नेऊन बसवलं. लोक त्याच्यासाठी रडतायत. माझ्यामुळे!

१३ फेब्रुवारी

आता कोरडं वाचायचं. नियम म्हणजे नियम.

१९ फेब्रुवारी

ते पान आलं. दिवट्या मरत नाही. शत्रूचं सैन्य दलदलीत नेऊन बुडवतो आणि मशालीने जळालेले हात घेऊन परत येतो. गडाच्या पायरीवर बसतो. मीठवाली पोरगी येते. म्हणते, "माझा राग गेलेला नाही. आईही परत आलेली नाही. तरी तू ऊठ. आत चल." आणि त्याच्या जळक्या हाताला लावायला स्वतःच्या ओढणीची पट्टी फाडते. बस, एवढंच.

वाचताना माझ्या डोक्यात तिडीक गेली. अशी कशी उठवते ही त्याला! कुणी विचारलं हिला? मेलेल्या आईला विचारलं? मी ते पान सरसर वाचून टाकलं, आगगाड्यांचं वेळापत्रक वाचतात तसं. काचेपलीकडे कानसेनने भुवई वर केली. "परत घ्यायचं?"

"शब्द चुकला का एखादा?"

"शब्द नाही चुकला."

"मग झालं!" म्हटलं आणि बाहेर आले.

२१ फेब्रुवारी

प्रकरण काल गेलं. आज फोनवर हलकल्लोळ.

वकील आजोबा खूश. "छान! पोरीने तोंडदेखली माफी दिली, मनातून नाही. हेच न्याय्य आहे." कॉलेजातली म्हणाली, "मला वाटतं ती त्याला आत नेऊन कोंडणार आहे." व्हायोलिनच्या बाईंचा आवाज बसलेला. त्यांचं वाक्य लिहून ठेवते कारण ते दिवसभर बोचतंय: "शब्द माफीचे होते हो, पण आवाज फाशीचा होता."

म्हणजे मी शब्द न बदलता गोष्ट बदलली. शेकडो लोकांच्या कानात.

घरी आले तर बाबांनी ऐकायचं मशीन बंद करून ठेवलेलं. शेवटची दोन प्रकरणं ऐकायची बाकी आहेत असं मी म्हटलं. "नको," म्हणाले. "कळलं काय ते. बरोबर केलं तिने. माफ करूच नये अशा माणसाला." आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मला बरं वाटायला हवं होतं. शेवटी बाबाही माझ्या बाजूला आले! पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

२३ फेब्रुवारी

बाबा जेवत नाहीत. दोन घास, की ताट सरकवतात. दाढी करू म्हटलं तर "कुणाला दाखवायचीय?" हे माझ्या बाबांचं बोलणंच नव्हे. डोळे गेले तेव्हासुद्धा रोज गुळगुळीत दाढी करवून घ्यायचे, वर माझ्यावर विनोद करायचे — "न्हावी नवशिका दिसतोय."

एका पुस्तकातल्या माणसासाठी एवढं? नाही. दादासाठीच आहे हे. मुलगा परत यावा अशी आशा धरून होते आणि मी ती आशा वाचून मारली. तरी दादाला हो म्हणवत नाही. मी काय करू?

२४ फेब्रुवारी

मॅडमनी खोलीत बोलावलं. दार लावलं म्हणजे गंभीर मामला.

"ते पान परत वाचा."

मी नियम सांगितला. नटायचं नाही.

"रागाने वाचणं हेही नटणंच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दिवट्या आवडो न आवडो. पण ती पोरगी त्याला उठवते. तिच्या हातून ते काढून घ्यायचा तुम्हाला काय अधिकार?"

घरी येईपर्यंत मनातल्या मनात मॅडमशी भांडत होते, आणि प्रत्येक वेळी हरत होते.

२६ फेब्रुवारी

वाचलं परत.

आधी तीन वेळा जमेना. मऊ वाचायला गेले तर खोटं वाटायचं, मलाच. कानसेन दर वेळी नव्याने मुद्रण सुरू करत राहिला. मग लक्षात आलं की पोरीचं पहिलंच वाक्य आहे, माझा राग गेलेला नाही. ती कुठे म्हणतेय की गेला! राग आहे, आणि तरी पट्टी फाडतेय. दोन्ही एकाच वेळी. मी इतके दिवस समजत होते की एक संपल्यावरच दुसरं सुरू करता येतं. मग राग तसाच ठेवून वाचलं. "तरी तू ऊठ" ला माझा आवाज फाटला. म्हटलं परत घेऊ. कानसेन म्हणाला, "हात लावायचा नाही त्याला."

बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. कशासाठी ते नक्की सांगता येणार नाही.

२७ फेब्रुवारी

नव्याने वाचलेलं प्रकरण गेलं. बाबा ऐकायला तयार नव्हते. मीच मशीन लावलं आणि स्वयंपाकघरात उभी राहिले, भांडी घासायचं सोंग करत. ते पान आलं. मग मशीन मागे नेल्याचा आवाज. परत ते पान. पुन्हा मागे.

बऱ्याच वेळाने हाक आली. "हे तू मनापासून वाचलंस, की सांगितलं म्हणून?"

"मनापासून," म्हटलं. "तुम्हाला दादाला भेटायचं असेल तर मी त्याला येऊ दे म्हणेन. माझा राग गेलेला नाही, पण येऊ दे."

वाटलं होतं खूश होतील. त्यांनी मशीन बंद केलं. "आज नको काही बोलूस. उद्या बोलू. मला जरा धीर गोळा करू दे."

मुलाला भेटायला धीर कशाला लागतो?

२८ फेब्रुवारी

बाबांनी त्या दिवशी दादाला व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलंच नव्हतं. विसरले होते. दादा चौकशीत बोलला ते अक्षरन् अक्षर खरं होतं. "रोज विचारायचो ना, ती त्याला माफ करेल का," बाबा म्हणाले, "ते तुझ्या दादासाठी नव्हतं गं. माझ्यासाठी होतं."

बाबांचं काय करायचं ते मला माहीत नाही. आधी दादाला फोन लावायचाय. हातात घेऊन बसलेय केव्हाची. आणि या वेळी काय बोलायचं ते मला कुणी लिहून दिलेलं नाही.